समोरच बसलेत ते!

अर्धांगवायू म्हटलं की लोकांना लुळा हात दिसतो. आमच्या काकांचा उजवा हात गेलाच, पण वाचा गेली ते जास्त जिव्हारी लागलं. बहुतेकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते, म्हणून पुष्कळदा दोन्ही एकदम जातात. काकांना सगळं समजतं, शब्दच सापडत नाहीत. ‘चहा’ म्हणायचं असतं, तोंडून ‘चावी’ येतं. आरती मात्र अख्खी म्हणतात!

भेटायला येणारे काकूला विचारतात, "जेवतात का नीट?" अहो, ते समोरच बसलेत!

नोकरी सरकारी, म्हणून टिकली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी खात्याला काढून टाकता येत नाही. झेपेल असं काम त्याच पगारावर द्यावं लागतं. खासगी नोकरीला हे कलम नाही. काका आता आवक-जावकला डाव्या हाताने शिक्के मारतात. पण डबा खाताना शेजारी कुणी बसत नाही. त्याला कायदा काय करणार?

तेव्हा मंडळी, अशा कुणाला भेटलात तर हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा आणि थांबा. वेळ लागेल... लागू दे.