पुष्पाचा आवाज आणि माझा मराठीचा तास

आमच्या शाळेत आठवीचा मराठीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असतो. मुलांच्या पोटात भात, डोळ्यांवर झापड आणि समोर फळ्यावर मी लिहिलेलं 'तो, ती, ते'. शाळा उर्दू माध्यमाची. उर्दूत लिंगं दोनच, त्यामुळे या तिसऱ्या 'ते'शी आमच्या मुलांचं जन्माचं वैर. "सर, पंखा तो, खुर्ची ती, ये समझ गया. पर पुस्तक ते कायकू?" दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, आणि दरवर्षी मी "पाठ कर" म्हणून सुटका करून घेतो.

त्या दिवशीही हेच चाललं होतं. मी फळ्याकडे वळलो आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एक खांदा वर उचलून, उलटा हात हनुवटीखालून फिरवत त्याने 'पुष्पा'चा डायलॉग मारला. वर्ग खदखदून हसला. खरं तर मी चिडायला हवं होतं, पण नक्कल इतकी झकास होती की मलाही हसू आलं.

"आवाज कुणाचा काढलास रे?" मी विचारलं.

"अल्लू अर्जुनचा, सर."

"चूक. तू मोबाइलवर जो हिंदी पुष्पा ऐकतोस, त्याचा आवाज श्रेयस तळपदेचा आहे. मुंबईचा मराठी माणूस."

वर्ग एकदम गप्प. मग कुणीतरी हळूच विचारलं, "और बाहुबली?" म्हटलं, हिंदी बाहुबलीत प्रभासला आवाज दिलाय शरद केळकरने. तोही मराठीच. आणि लहानपणी हा माणूस बोलताना अडखळायचा, तोतरा होता, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. आमच्या वर्गात वाचायला उभं केलं की घाम फुटणारी दोन-तीन मुलं आहेत. त्यांनी माना वर केल्या.

तास संपल्यावर तो पुष्पा माझ्या मागेमागे स्टाफरूमपर्यंत आला. म्हणाला, "सर, एक बात पूछूं? अपन कितना भी अच्छा मराठी बोले, तो भी लोग अपने को मराठी थोड़ेच बोलेंगे?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. "उद्या बोलू" म्हणालो. घरी आलो तरी प्रश्न डोक्यातून जाईना.

मी वाढलो यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, केळापूर तालुक्यात. पांढरकवड्याहून हैदराबादकडे जाणारा रस्ता पाटणबोरीवरून पुढे जातो आणि पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो. आज तो तेलंगणात आहे, माझ्या लहानपणी आंध्रात होता. आमच्याकडे नदीच्या अलीकडे तेलुगू बोलणारी घरं आहेत आणि पलीकडे मराठी बोलणारी. उर्दू दोन्हीकडे. सरकारने सीमा नदीवर आखली, भाषांना ती कधी कळलीच नाही.

माझे मामू कापसाच्या ट्रकवर क्लीनर होते, पुढे ड्रायव्हर झाले. घरात आमच्यासारखी वऱ्हाडी वळणाची उर्दू, जिनिंगवर मराठी आणि नदी ओलांडली की तेलुगू. शाळा चौथीपर्यंतच, पण जिभेवर तीन भाषा. मी सातवी-आठवीत असताना एकदा ते मला ट्रकमध्ये बसवून आदिलाबादला घेऊन गेले आणि रात्री थिएटरात नेलं. सिनेमा होता 'बाशा', तमिळ 'बाशा'चं तेलुगू डबिंग. मूळ चित्रपट 1995 चा. मला एक अक्षर कळत नव्हतं. शिट्ट्या, उधळलेले कागद, खुर्च्यांवर उभे राहिलेले लोक, आणि पडद्यावर रजनीकांत. मामू कानात भाषांतर करत होते. हा रिक्षावाला आहे, नाव माणिकम. याचा जिवाभावाचा दोस्त अन्वर मारला गेला. मग याने त्याचंच नाव घेतलं, माणिक बाशा झाला. बाशा म्हणजे आपला बादशाह.

परत येताना मामू म्हणाले, "मालूम है, ये अपने महाराष्ट्र का आदमी है."

मला वाटलं, मामू फेकतायत. पण मामू खरं सांगत होते. रजनीकांतचं खरं नाव शिवाजीराव गायकवाड, शिवाजी महाराजांवरून ठेवलेलं. जन्म 12 डिसेंबर 1950, बंगळुरूचा. घरात मराठी. घराण्याचं मूळ गाव जेजुरीजवळचं मावडी कडेपठार असं सांगितलं जातं. वडील पोलीस खात्यात हवालदार. हा मुलगा बंगळुरूत बस कंडक्टर झाला. नंतर मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तिथे दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला हेरलं आणि पहिला सल्ला दिला तो अभिनयाचा नव्हता, तमिळ शिकून घे, असा होता. त्याने तो मानला. 1975 मध्ये 'अपूर्व रागंगल'मधून तो पडद्यावर आला, भूमिका लहानशी. 'रजनीकांत' हे नावही बालचंदर यांनीच दिलेलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, दादासाहेब फाळके पुरस्कारापर्यंत.

म्हणजे घरात मराठी, शहर कानडी, पोट तमिळवर, आणि सर्वात गाजलेल्या भूमिकेचं नाव एका मुसलमान दोस्ताचं. मला तेव्हा यातलं काहीच कळत नव्हतं. आज वाटतं, मामूंना ते कळलं असावं, म्हणूनच त्यांनी मला तो सिनेमा दाखवला.

पण ही गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. 2017 च्या मे महिन्यात रजनीकांत राजकारणात येणार अशी चर्चा सुरू झाली आणि लगेच प्रश्न आला, हा तमिळ आहे का? त्याच्या घरासमोर निदर्शनं झाली. चेन्नईत चाहत्यांसमोर त्याला हिशेब द्यावा लागला : तेवीस वर्षं कर्नाटकात, चव्वेचाळीस वर्षं तमिळनाडूत, तुम्हीच मला तमिळ केलंत. ज्याच्या पोस्टरवर लोक दुधाचा अभिषेक करतात, त्यालाही चव्वेचाळीस वर्षांनी आपल्या वास्तव्याची वर्षं मोजून दाखवावी लागली. टीव्हीवर ते बघताना मला चीड आली नाही, ओळखीचं काहीतरी बघतोय असं वाटलं.

माझ्या मराठीच्या विद्यार्थ्यांना मी सयाजी शिंदेंबद्दल मुद्दाम सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या वेळेकामथी गावचा शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षण मराठीतून, पदवीही मराठी विषयाची. शिकत असतानाच पाटबंधारे खात्यात रात्रपाळीचा वॉचमन. मग मराठी नाटकं. 1999 मध्ये 'शूल'मधला बच्चू यादव गाजला आणि दुसऱ्याच वर्षी, 2000 मध्ये, तमिळमध्ये भूमिका मिळाली ती कुणाची? महाकवी सुब्रमण्य भारतींची! म्हणजे उद्या एखाद्या मदुराईच्या नटाने मराठीत येऊन केशवसुत उभा करावा, तसं. तमिळ लोकांनी तो 'भारती' स्वीकारला आणि सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

पुढे तेलुगूत तर त्यांचा संसारच थाटला. 'टागोर', 'अतडु', 'अरुंधती'. 2006 च्या 'पोकिरी'त ते पोलीस कमिशनर आहेत आणि त्या कमिशनरचं नाव आहे सय्यद मोहम्मद पाशा कादरी. साताऱ्याचा शिंदे, हैदराबादचा कादरी! 2022 चा 'सीता रामम' घ्या. त्यातली सीता, जी शेवटी हैदराबादची शहजादी नूरजहाँ निघते, ती आहे धुळ्यात जन्मलेली मृणाल ठाकूर. तेलुगूत तिला आवाज दिलाय गायिका चिन्मयीने. चेहरा खानदेशचा, आवाज चेन्नईचा, नाव नूरजहाँ. यात शुद्ध काय आणि परकं काय, कुणी निवडून दाखवावं.

आणि उलटंही आहे. खुशबू मुंबईची, मुस्लिम घरातली नखत खान. 1986 मध्ये तेलुगू चित्रपटातून दक्षिणेत गेली, तमिळ शिकली, तिथलीच झाली. तिरुचिरापल्लीला चाहत्यांनी तिचं मंदिर बांधलं. राजकारणात आल्यावर काही लोकांनी तिचं जुनं नाव उकरून काढलं, जणू ती चोरी होती. तिने ते नाव लपवलं नाही. मंदिर बांधणारे लोक आणि नाव उकरणारे लोक एकाच देशातले.

हा रस्ता जुनाच आहे. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' (1931) आणि पहिला तेलुगू बोलपट 'भक्त प्रल्हाद' (1932) हे दोन्ही मुंबईत तयार झाले. दोन्हींचे दिग्दर्शक एच. एम. रेड्डी. आंध्रातल्या एका खेड्यातून मुंबईला आलेल्या एल. व्ही. प्रसाद यांनी या दोन्हींत आणि पहिल्या हिंदी बोलपटात, 'आलम आरा'तही काम केलं. पुढे ते मोठे निर्माते-दिग्दर्शक झाले. म्हणजे तमिळ-तेलुगू सिनेमा बोलायला शिकला तो मराठी मुलखात. आज आपली मंडळी तिकडे जाऊन बोलतात, तर ती एका अर्थी परतफेडच.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण त्या मुलाचा प्रश्न सयाजी शिंदेंबद्दल नव्हता, माझ्याबद्दल होता.

काही वर्षांपूर्वी 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या एका कार्यक्रमात मी बोललो. कुसुमाग्रजांवर दहा-बारा मिनिटं. नंतर चहाच्या वेळी एका पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. "वा! तुम्ही मुस्लिम असून किती सुंदर मराठी बोलता!" माणूस मनापासून बोलत होता, त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं. मी "शुक्रिया" म्हणालो. चुकून नाही, मुद्दाम. मग घरी येईपर्यंत स्वतःवरच रागावलो. मी बी.एड. मराठीतून केलं, वीसेक वर्षं मराठी शिकवतोय, माझे आजोबा इथल्याच काळ्या मातीत पऱ्हाटी पेरत होते, आणि त्या एका 'असून'ने मला पाहुणा केलं. बायको म्हणाली, "तारीफच की ना उन्होंने?" आता 'असून'चा अर्थ तिला कसा समजावणार!

हा राग मी बराच काळ जपला. मग एक दिवस पाटणबोरीला गेलो होतो. तिथल्या एका किराणा दुकानदाराशी बोलत होतो. घरात तेलुगू बोलणारे गृहस्थ, माझ्याशी मात्र अस्खलित उर्दू, अगदी 'तशरीफ रखिए'सकट. मी खूश होऊन म्हणालो, "अण्णा, तुम्ही तेलुगू असून उर्दू किती छान बोलता!"

ते तराजूत डाळ टाकत हसले. मराठीत म्हणाले, "सर, माझा आजा इथंच वाढला. उर्दू काय तुमच्या एकट्याची हाय?"

मला जागच्या जागी घाम फुटला. तोच 'असून', आणि या वेळी माझ्या तोंडून. त्या दिवसापासून त्या पाहुण्यांवरचा माझा राग पुष्कळ उतरला. पूर्ण नाही, खोटं कशाला बोलू!

आणि आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. पालकसभेत मला सांगणारे वालिद असतात, "सर, मराठी में पास होने लायक कर दो, बस." जी भाषा तलाठ्याकडे, बँकेत, कोर्टात, दवाखान्यात रोज लागते, तिच्याशी आपण पस्तीस मार्कांचा व्यवहार करतो आणि नंतर लोक आपल्याला आपलं मानत नाहीत म्हणून रुसतो. बालचंदर यांनी त्या मराठी तरुणाला पास होण्यापुरतं तमिळ शिक असं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मोबाइलवर तेलुगू सिनेमातला एक प्रसंग लावला, आवाज बंद करून. म्हटलं, याला मराठीत आवाज द्या. वाक्यं तुम्हीच लिहा. डबिंगवाले ओठांच्या हालचालीत शब्द बसवतात, तसे बसवा. तिथे 'तो, ती, ते' चुकलं तर अख्खा वर्ग हसणार होता, त्यामुळे पहिल्यांदाच मुलं माझ्याकडे येऊन लिंग विचारू लागली. 'ळ'वर सगळेच अडखळले. मी सांगितलं, हा 'ळ' तेलुगूतही आहे, तमिळमध्येही. तो आला तर नदीपलीकडेही उपयोगी पडेल.

आमच्या पुष्पाने लिहिलेलं वाक्य होतं, "माझ्या डोळ्यात बघून बोल." दोनदा 'डोल्यात' झालं. तिसऱ्यांदा 'ळ' आला, स्पष्ट. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तास संपल्यावर मी त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, लोक तुला मराठी म्हणतील की नाही, ते माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. रजनीकांतच्याही हातात नव्हतं. भाषा येणं तेवढं आपल्या हातात आहे. ती आली की समोरचा 'असून' म्हणाला तरी त्याला त्याच भाषेत उत्तर देता येतं, त्या दुकानदाराने मला दिलं तसं.

त्याने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला,

"पर सर, पुस्तक 'ते' कायकू, ये तो अब भी नै बताया आपने."