पडसें आणि सायकल

रविवारीं पहाटे पांच वाजतां मला जाग आली ती शिंकेनें. एक झाली, दोन झाल्या. तिसरी येतां येतां राहिली आणि नाकांत ठाण मांडून बसली. डोकें जड, घसा खवखवलेला. एरवीं मीं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलें असतें. परंतु त्या दिवशीं सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलीनें जावयाचें ठरलें होतें, आणि बरोबर येणारा पुतण्या त्याच आठवड्यांत शिक्षणासाठीं परदेशीं निघणार होता. त्याला सायकल शिकविली ती मींच. गेलीं दहा वर्षें आम्हां काकापुतण्यांचे कित्येक रविवार त्याच रस्त्यावर उजाडले. त्यांतला हा शेवटचा. तो एका शिंकेपायीं दवडावयाचा?

मनुष्याच्या मनांत वकील दोन असतात. पण न्यायाधीश बहुधा त्यांपैकीं एकाचा मेहुणा असतो. माझ्या न्यायाधीशानें निकाल आधींच लिहून ठेवला होता, पुरावा तेवढा गोळा करावयाचा होता. पडशाला का कोणी दुखणें म्हणतें? वर्षांतून दोनतीनदां तें बहुतेकांना होतें आणि आठदहा दिवसांत आपल्या पायांनीं निघून जातें. शिवाय व्यायामानें नाकांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून नाक घटकाभर मोकळें होतें, हेंहि खोटें नाहीं. डॉक्टरमंडळींचा एक ढोबळ नियमहि मला तोंडपाठ होता: तक्रार गळ्याच्या वर असेल, म्हणजे नाक गळणें, शिंका, किंचित् घसा दुखणें एवढीच असेल, तर हलका व्यायाम करावयास हरकत नाहीं, पण छातींत खोकला भरला असेल, अंग मोडून आलें असेल किंवा ताप असेल, तर विश्रांति घ्यावी. माझें सारें वरचेंच होतें. पाठ व पोटऱ्या ठणकत होत्या खऱ्या, पण त्याचा दोष मीं वयाला दिला. कपाटांत थर्मामीटर होता. तो काढून पाहण्याचें मात्र मला सुचलें नाहीं.

पायमोजे चढवून मी हळूच जिन्याशीं आलों, तों मधल्या पायरीवर आई उभी. तिच्या हातांत थर्मामीटर होता.

“ताप नाहीं ग आई, साधें पडसें आहे,” मी म्हणालों.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांनाहि साधें पडसेंच झालें होतें.”

घरांत ही गोष्ट कोणी सहसा काढीत नाहीं. १९७४ सालच्या पावसाळ्यांत वडील अंगांत कणकण असतांना चार दिवस सायकलीनें कचेरींत गेले. रजा मागणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. पांचव्या दिवशीं छातींत धडधड सुरू झाली. हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचें निदान झालें आणि तीन महिने ते अंथरुणावर होते. पुढें बरे झाले. पण जिना चढतांना मध्यावर थांबण्याची संवय त्यांना जन्मभर राहिली. तेथलाच कठडा धरून आई उभी होती.

थर्मामीटरनें १०१ दाखविले. ताप सेल्सिअसच्या एका अंशानें वाढला कीं नाडीचे ठोके मिनिटाला साधारण दहांनीं वाढतात. म्हणजे स्वार खोगिरावर बसण्यापूर्वींच घोडा धांवूं लागलेला असतो. त्यांतून अशा दुखण्यांचे कांहीं विषाणु क्वचित् हृदयाच्या स्नायूपर्यंत पोंचतात, आणि तशा वेळीं केलेले श्रम जिवावर बेतूं शकतात. क्वचित् हें खरें. पण आमच्या घरानें तें ‘क्वचित्’ एकदां पाहिलें होतें. सुश्रुतसंहितेंतहि व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगितलें असून, श्वास तोंडाशीं येऊं लागला कीं अर्धी शक्ति खर्चली असें समजावें, अशी खूण दिली आहे. माझा श्वास तर अंथरुणांतच तोंडाशीं आला होता! मीं पायमोजे काढले.

पुतण्याला सांगतांना मला अपराध्यासारखें झालें. तो म्हणाला, “काका, गड कुठें पळून जातोय?” आणि एकटा न जातां व्हरांड्यांतच बसला. पडसें शिंकेनें व हातांनीं पसरतें. परदेशीं निघालेल्या मुलाला ही शिदोरी नको, म्हणून मी दुसऱ्या टोकाला, नाकाशीं रुमाल धरून. आईनें आलें आणि गवती चहाचा काढा दिला. दहा वर्षें आम्ही एकामागें एक सायकली हांकल्या, त्यामुळें निवांत बोलणें असें झालेंच नव्हतें. जें झालें तें वाऱ्यानें नेलें. त्या सकाळीं सायकलीच्या साखळीला तेल घालतां घालतां, माझ्याकडे न बघतां तो म्हणाला, “काका, मला तिकडे जायची भीति वाटते.” मग आम्ही दहा वाजेपर्यंत बोलत होतों. काय बोललों तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

तो गेला. ताप उतरला, खोकलाहि थांबला, आणि त्यानंतर चार दिवसांनीं मीं सायकल काढली. धायरी फाट्यावरूनच परत फिरलों. अर्धी शक्ति म्हणजे किती, तें या वेळीं मोजून पाहिलें. वाटेंत संवयीनें दोनदां मागें वळून बघितलें. घरीं आलों तेव्हां आईनें कांहीं विचारलें नाहीं. जिन्याच्या मध्यावर मी थांबतों कीं काय, एवढेंच ती खालून पाहत होती. मी न थांबतां वर गेलों.