तू कुणाचा रे?

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. लोअर परळच्या ऑफिसात सकाळी अकराला मीटिंगचं बोलावणं आलं. एचआरची बाई, मॅनेजर आणि मी. सात मिनिटांत नऊ वर्षं आटोपली. लॅपटॉप जमा करून खाली आलो आणि आठवलं, डबा वरच राहिला. परत फिरलो तर गेटवर कार्ड चालेना. लाल दिवा. रोज हसून सलाम ठोकणारा सिक्युरिटीवाला दुसरीकडे बघत म्हणाला, "सर, व्हिजिटर एन्ट्री करावी लागेल."

डबा तिथेच राहू दिला.

खरा घोळ पुढेच आहे. मी घरी सांगितलंच नाही! आई म्हणाली डबा कुठाय, तर म्हटलं ऑफिसात राहिला. खोटं नव्हतं ते. पुढचे आठ दिवस नेहमीची गाडी पकडून बोरिवलीहून लोअर परळला येत होतो. कुठल्या तरी कॉफीच्या दुकानात बसायचं, कंटाळा आला की फिनिक्सच्या जुन्या चिमणीकडे बघत भटकायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. कित्येकांना परत जायला गिरणीच उरली नाही. नऊ वर्षं मी त्या चिमणीखालून गेलो, पण 'उद्यापासून सांगायचं काय?' हा त्यांचा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

कारण आपल्याकडे ओळख करून द्यायची म्हणजे काय? नाव, कंपनी, डेझिग्नेशन. त्यातले दोन गेले की उरतं काय?

रविवारी चर्चला गेलो. आमची मराठी मंडळी, बरीचशी मूळची नगरकडची. पायरीवरच एका काकांनी विचारलं, "काय म्हणतंय ऑफिस?" म्हटलं, "झकास!" म्हणजे आता चर्चच्या पायरीवरही थापा.

आत पाळकांनी वाचलं ते येशूच्या बाप्तिस्म्याबद्दल. संडे स्कूलपासून पाठ असलेली गोष्ट. तो यार्देन नदीतून वर येतो आणि वरून बाप सांगतो की हा माझा, मी ह्याच्यावर खूश आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच डोक्यात आलं, अहो, तोवर ह्याने केलं काय होतं? एक प्रवचन नाही, एक आजारी बरा केलेला नाही, भाकरी-मासळीचा तर पत्ताच नाही. प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीच अप्रेझल झालेलं!

आणि मला नगरची गल्ली आठवली. सुट्टीत आजीकडे गेलो की ओट्यावरच्या म्हाताऱ्या हटकायच्या, "तू कुणाचा रे?" 'कोण' नाही, 'कितवीत' नाही. कुणाचा. बाबांचं नाव सांगितलं की मूठभर शेंगदाणे हातावर यायचे. मार्क कुणीच विचारले नाहीत.

आता वाटेल, शेंगदाण्यांवरून देवापर्यंत पोचणं सोपं आहे. नाही. रेव्हरंड टिळकांना विचारा. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि 'कुणाचा'ची जुनी उत्तरं एका दिवसात तुटली. जात गेली, नातलग गेले, लक्ष्मीबाईही काही वर्षं दुरावल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते दिवस ठाऊक आहेत. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांना मिशनमध्ये काम मिळालं, पगार मिळाला, नाव झालं. म्हणजे नवी ओळख तयार होतीच. पण १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी तीही सोडली. पगारावर पाणी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मिशनचा माणूस ही ओळखसुद्धा त्यांना पुरली नाही. फक्त देवाचा माणूस एवढंच हवं होतं.

मला हे वाचून धीर आला आणि थोडी लाजही वाटली. त्यांनी स्वतःहून सोडलं, माझं काढून घेतलं होतं. पण दोन्हीकडे प्रश्न एकच. पौल म्हणतो, देवाने आपल्याला दत्तक घेतलंय. दत्तक मुलगा घर कमावत नाही. त्याला घर मिळतं, नाव मिळतं, मग तो कामाला लागतो. मी नऊ वर्षं उलटा चाललो होतो.

अर्थात बँकेला हे सांगून हप्ता थांबत नाही. प्रार्थनेनंतरही ईएमआय पाच तारखेलाच गेला.

त्याच रात्री बाबांना सांगितलं. मान खाली घालून, आठ दिवसांच्या थापांसकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आठ दिवस दुपारचं जेवलास कुठे?"

बस, एवढंच विचारलं.

पाच महिन्यांनी नोकरी लागली. पगार थोडा कमी, गळ्यात पुन्हा पट्टा. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री पोटात अजूनही गोळा येतो, खोटं कशाला बोलू? पण गेटवर हिरवा दिवा लागला की हल्ली उगीच हसू येतं. बापड्याला वाटतं, त्यानेच मला आत घेतलं.

असो. सोमवारी रिव्ह्यू आहे.