माशी

गाणगापुरात माझे दहापैकी सात छर्रे फुकट गेले. समोर फळीवर ताणलेलं जुनं लाल धडपं, त्यावर ओळीनं बांधलेले फुगे, अंतर फार तर चार मीटर. आणि मी आठवड्यातल्या तीन संध्याकाळी 10 मीटरवरून शर्टाच्या बटणाएवढा ठिपका गाठायचा प्रयत्न करणारी बाई. शेजारी सहा-सात वर्षांचा एक मुलगा उभा होता. बंदूक त्याच्या छातीपर्यंत येत होती. त्यानं एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली आणि ओळीनं चार फुगे फोडले. त्याची आई टाळ्या वाजवत होती. माझ्यासाठी टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, कारण आत्या संगमाकडून यायची होती.

दुकानदार नळी मोडून छर्रा भरत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, तुम्ही फुग्याकडं बघायलाव. माशीकडं बघा." मग पुढच्या गिऱ्हाइकाला "बर्री, बर्री" म्हणत तो कानडीत शिरला.

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा. क्लबात आम्ही त्याला फ्रंट साइट म्हणतो, आणि माशीकडे बघा एवढं सांगायला आमच्या प्रशिक्षकांना दोन वर्षं लागली होती. मागच्या पट्टीला खाच असते, पुढे माशी, त्याच्याही पुढे टार्गेट. तीन वस्तू तीन अंतरांवर, आणि डोळ्याला एका वेळी एकच लख्ख दिसते. नवशिका साहजिकच टार्गेट निवडतो. तिथे मारायचं असतं ना! पण माशी खाचेत केसभर जरी सरकली तरी 10 मीटरवर छर्रा भलतीकडे जातो. टार्गेट डोळ्यांना धुरकट दिसलं तरी फारसं बिघडत नाही. म्हणून माशी धारदार ठेवायची आणि टार्गेटचा काळा गोल धुक्यातल्या पिठाच्या गिरणीसारखा दिसू द्यायचा. त्यातही त्या गोलाच्या मध्यावर माशी धरत नाहीत. गोलाच्या खाली, पांढऱ्या कागदावर, कुठेतरी मोकळ्या जागेत धरतात. जिथे लागायला हवं तिथे बघायचंही नाही आणि रोखायचंही नाही, हे आत्याला मी एकदा समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग बरोबरच आहे."

सकाळी निर्गुण मठात दर्शनाच्या रांगेत दीड तास गेला. निर्गुण पादुकांचं दर्शन लहानशा झरोक्यातून घ्यायचं असतं. तिथवर पोचलं की मागून रेटा येतो, आतून "चला, चला" येतं, आणि वाकून डोळा लावेपर्यंत आपली पाळी संपलेली असते. मला चौकट अगदी स्वच्छ दिसली. तिच्यावरचं कुंकू, कोपऱ्यात अडकलेली तुळशीची काडी. आतलं काही धड दिसलं नाही. फुलं असावीत, दिवा असावा. बाहेर आल्यावर आत्यानं विचारलं, झालं का नीट? मी हो म्हटलं.

आत्याचा नेम आहे. दर तीन वर्षांनी गाणगापूर, सात दिवस गुरुचरित्राचं पारायण, जमिनीवर झोपणं, एकदा जेवणं. आम्ही सोलापूरचे, त्यामुळे हे आम्हाला तसं अंगणातलं. गाडीनं अक्कलकोट रोड, दुधनी, मग गाणगापूर रोड, तिथून टमटममध्ये गुडघे पोटाशी घेऊन गावात. या खेपेला गुडघे दुखतात म्हणून सोबतीला मला घेतलं. माझाही एक नेम आहे आणि तो तिला मनापासून विचित्र वाटतो. रोज रात्री जेवणानंतर रिकामं पिस्तूल घेऊन हॉलच्या पांढऱ्या भिंतीसमोर वीस मिनिटं उभं राहायचं. छर्रा नाही, टार्गेट नाही. हात उचलायचा, माशी खाचेत आणायची, चाप हळू दाबायचा, टक् असा बारीक आवाज येतो, हात खाली. पुन्हा. सुरुवातीला आत्या शेजारच्यांना सांगायची की ही भिंतीला भिववते.

हात हलतोच. हे सुरुवातीला कोणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी पटत नाही. साधारण किलोभर वजन एका हातात, कोपर सरळ, खांद्यापासून पुढे. माशी त्या गोलाखाली पाळण्यासारखी झुलत राहते. नवशिका ती स्थिर होण्याची वाट बघतो, क्षणभर झाली असं वाटलं की "आत्ता!" म्हणून चाप ओढतो, आणि त्या ओढण्यानंच छर्रा सातच्या रिंगणात जातो. जुने लोक ती झुलू देतात आणि झुलता झुलताच चाप दाबत राहतात. गोळी कधी सुटली हे त्यांनाही थोडं उशिरा कळावं, असं म्हणतात. मला हे वर्षातून चार-पाच वेळा जमतं.

सामानाबद्दल माझी मतं ठाम आहेत, गुण कमी असले तरी. स्विस मोरिनी, ऑस्ट्रियन स्टायर, इटालियन पार्दिनी, जर्मन वाल्थर आणि फाइनवर्कबाऊ, यांच्या नावांवर आमच्या क्लबात सुगरणींनी मसाल्यावर भांडावं तशी भांडणं होतात. माझं स्टायर आहे, तेही दुसऱ्याकडून घेतलेलं. इलेक्ट्रॉनिक चाप मला आवडत नाही. चाप म्हणजे स्प्रिंग आणि पोलाद, त्यात बॅटरी कशाला? नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅमचा हवा. स्पर्धेआधी चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात, वजन अधांतरी राहिलं पाहिजे. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन स्पर्धेत मोडला, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी आपापले लिव्हर तपासले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं दोन कांस्यपदकं आणली, पण लिव्हर तपासायची खोड आमची सुटलेली नाही.

आणि मूठ. अक्रोडाच्या लाकडाची, प्रत्येक बोटाला वेगळी खोबण असलेली. दुसऱ्याच्या पंज्यासाठी घडवलेली मूठ धरणं म्हणजे दुसऱ्याच्या चपलेत चालणं. मी कानसीनं घासून आणि लाकडाची लुकण भरून ती आपली करून घेतली. आता ती दिसायला भयंकर आहे, हातात गेली की मात्र दिसत नाही.

पण खरी गोष्ट छर्ऱ्यांची. एअर पिस्तुलाचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, शिशाचा, कमरेत बारीक, डमरूसारखा. तोंड सपाट, म्हणजे कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. मागची बाजू पोकळ आणि पातळ. हवेचा दाब आला की ती फुलते आणि नळीला घट्ट बसते. पिस्तुलासाठी हलके घेतात, साधारण अर्धा ग्रॅम किंवा त्याहून कमी, रायफलवाले 0.53 ग्रॅमचे. डब्यावर डोक्याचं माप छापलेलं असतं: 4.49, 4.50, 4.51. एका मिलिमीटरचा शंभरावा भाग! प्रत्येक नळीला यातलं एखादंच रुचतं आणि ते शोधायला पिस्तूल शिकंज्यात पकडून डबेच्या डबे मारून बघावे लागतात. एका डब्यात पाचशे. आर-टेन, फिनाले मॅच, जेएसबी अशी नावं. परदेशातून येतात, मिळतील तेव्हा मिळतात, आणि येताना एकमेकांवर आपटून काहींच्या कडा चेपलेल्या असतात. चेपलेला छर्रा नळीत तिरका बसतो आणि नऊच्या जागी आठ होतात. म्हणून निवडावे लागतात.

एके वर्षी माझ्या डोळ्याला चाळिशी लागली. भिंग घेऊन डायनिंग टेबलाशी बसले होते आणि चिडचिड चालली होती. आत्या निवडणीटिपणी आटोपून आली, शेजारी बसली, थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सरक." स्वयंपाकघरातून ताट आणायला उठली तेव्हा मी ओरडले, हे शिसं आहे, जेवणाचं ताट नको. तिनं माळ्यावरून एक पोचे पडलेलं अॅल्युमिनियमचं ताट काढलं. ते पुन्हा कधी स्वयंपाकघरात गेलं नाही. त्यात तिनं मूठभर छर्रे ओतले, ताट तिरपं केलं आणि तांदळातले खडे निवडावेत तसे पुढचे चार पुढे, मागचे मागे, बोटाच्या टोकानं भरभर सरकवायला लागली. चष्मा नाही, भिंग नाही. एक छर्रा तिनं बाजूला केला. "याचा परकर मुडपलाय." मी भिंगातून पाहिलं. मागची पातळ कड एका जागी आत वळली होती, नखाच्या टोकाएवढी. पुढचा अर्धा तास मी फक्त पडताळत होते. एकही चुकला नाही. पाचशेतले साठ-सत्तर तिनं काढले आणि त्यांचीही प्रतवारी लावली: हे टाकायचे, हे सरावाला चालतील, याच्यावर काहीतरी चिकटलंय ते पुसून घे. मग साबणानं दोनदा हात धुतले, मी सांगितलं म्हणून, आणि शिशाला वास येतो का विचारलं.

तेव्हापासून माझे छर्रे आत्याच निवडते. डबा आला की दुपारी खिडकीपाशी ताट घेऊन बसते. गुणगुणते. कधी फोन आला तर एका हातानं फोन, एका हातानं छर्रे. सत्तरी ओलांडलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचं धान्य निवडलेल्या बाईच्या बोटांच्या टोकांना मिलिमीटरचा दहावा भाग कळतो. हे मी क्लबात सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, डब्याला किती घेतील?

ती स्पर्धा बघते ती फक्त राही सरनोबतची. 2018 च्या ऑगस्टमध्ये बकरी ईदची सुट्टी होती, आम्ही दोघी घरी. पालेम्बांगला आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाची अंतिम फेरी. त्या प्रकाराचं पिस्तूल वेगळं, .22 चं, खऱ्या काडतुसांचं, परवाना लागणारं. हात खाली तिरपा धरून उभं राहायचं. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी. मग सात सेकंद थांबायचं. पुन्हा तीन. 10.2 किंवा वर लागलं तरच मोजतात, 10.1 म्हणजे शून्य. कोल्हापूरची राही आणि थायलंडची यांगपायबून 34 वर बरोबरीत आल्या. पाच गोळ्यांचा शूट-ऑफ झाला, दोघींचे चार-चार. पुन्हा पाच. राहीचे तीन, तिचे दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय बाई. आत्या पूर्ण वेळ त्या सात सेकंदांकडे बघत होती. म्हणाली, "बघ, हात खाली असतानाच ती मारते आहे."

दुपारी बारा वाजता आत्यानं झोळी काढली. गाणगापुरात दुपारी दत्त महाराज स्वतः भिक्षेला फिरतात अशी श्रद्धा आहे, कुठल्या रूपात ते कळत नाही. म्हणून येणारा निदान पाच घरी माधुकरी मागतो. लक्षाधीशही मागतो. आणि वाढणारेही येणाऱ्या कोणालाच परत पाठवत नाहीत. मला लाज वाटत होती. आत्या पहिल्या दारात उभी राहिली, उजवा हात पुढे, कोपर सरळ, डावा हात कमरेशी पदरात. मला हसू आलं, मग ते थांबलं.

पॅरिसला तुर्कस्तानचा युसूफ दिकेच खिशात हात घालून उभा राहिला आणि रौप्य जिंकला, तेव्हा जगभर केवढं कौतुक झालं! किती बेफिकीर, म्हणे. बेफिकिरी कसली. पिस्तुलात नियमानंच एक हात, मनगटाला कसलाही आधार नाही. दुसरा हात लोंबकळत राहिला तर अंग डोलतं, म्हणून तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवायचा. आम्ही सगळे तसेच उभे राहतो. हंगेरीच्या कारोय ताकाचचा उजवा हात 1938 साली ग्रेनेडनं गेला, तर त्यानं गुपचूप डाव्यानं सराव केला आणि 1948 ला आणि 1952 ला, दोन्ही वेळा ऑलिंपिकचं सुवर्ण नेलं. एकच हात लागतो या खेळाला. कुठला, ते नियमात नाही.

मीही मागितली. तिसऱ्या घरी एका म्हाताऱ्या बाईनं तळहातावर गरम हुग्गी वाढली. हात थरथरत होता, थोडी मनगटावर ओघळली. तिनं कानडीत काहीतरी म्हटलं. आत्या म्हणाली, सावकाश म्हणतेय.

संध्याकाळी परतताना तेच लाल धडपं, नवे फुगे. मी आत्याला सकाळी फुकट गेलेले सात छर्रे सांगितले. "डावीकडं खाते ही बंदूक," दुकानदारानं आता कबूल केलं, "चार बोटं उजवीकडं धरा की." सकाळी का नाही सांगितलं विचारलं, तर हसला. त्यानं आत्यासमोर वाटी सरकवली, आजी, तुम्ही मारता का? आत्यानं बंदुकीकडे पाहिलंही नाही. वाटी जवळ ओढली, तिरपी केली आणि बोटानं छर्रे सरकवायला लागली.

"आजी, सगळे सारखेच आहेत ते."

"सारखे कसे? हा बघ. हाही. याचा तर परकरच फाटलाय."

मागे रांग लागली. तो मुलगा परत आला होता, आईच्या हाताला धरून. आत्यानं निवडलेले दहा त्याच्यासमोर ठेवले.