मोजण्यासाठी केलेलं विष

"तू कॅन्सरवरचं औषध शोधायचास ना रे?" लग्नाकार्यात हे विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. मी आपला "तसंच काहीसं" म्हणतो आणि वाढपी कधी पुढे येतोय याची वाट बघतो. खरं उत्तर पंगतीत देण्यासारखं नाही. मी औषधं नव्हे, कॅन्सर करणारी द्रव्यं बनवत होतो. अगदी पगार घेऊन, शुद्ध करून, वर लेबल लावून! आता निवृत्त झालोय, हाताशी वेळ आहे, तर एकदा नीट सांगूनच टाकतो.

नायट्रोसामाइन्स नावाचं रसायनांचं एक मोठं कुटुंब आहे. एका नायट्रोजनला जोडलेला दुसरा नायट्रोजन आणि त्याला चिकटलेला ऑक्सिजन, एवढीच त्यांची कुळाची खूण. त्यातलं सगळ्यात लहान भावंड म्हणजे एनडीएमए, पिवळसर तेलकट द्रव. १९५६ साली इंग्लंडमध्ये मॅगी आणि बार्न्स या दोघांनी तो उंदरांच्या खाण्यात मिसळून बघितला, आणि उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या. तोवर हे द्रव्य द्रावक म्हणून वापरलं जात होतं.

गंमत अशी, की एनडीएमए स्वतः तसा निरुपद्रवीच. त्याला बिघडवतं ते आपलं यकृत. आलेला परका रेणू बाहेर टाकायचा म्हणून यकृतातलं एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडतं, आणि त्या नादात रेणू मोडतो. त्यातून एक अतिशय चपळ तुकडा निघतो. तो आपल्याजवळचा मिथाइल गट समोर येईल त्याला देऊन मोकळा होतो. समोर डीएनए आला, की त्यातल्या ग्वानिन या अक्षरावर हा मिथाइल जाऊन बसतो. मग पेशीची नक्कल होताना ते अक्षर चुकीचं वाचलं जातं. अशा चुका साठत गेल्या, की पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही सिंथेसिसवाले नेमकी हीच क्रिया फ्लास्कमध्ये वापरतो बरं का! आम्लाला मिथाइल जोडायचा असेल तर डायझोमिथेन घेतात. तो ज्या द्रव्यांपासून काढतात, तीही नायट्रोसो कुळातलीच. १९७५ साली झीबाख आणि एंडर्स या जर्मन रसायनतज्ज्ञांनी तर नायट्रोसामाइनचाच उपयोग करून अमाइनच्या शेजारच्या कार्बनचा स्वभाव उलटा करून दाखवला. एरवी जिथे नवा बंध जुळला नसता, तिथे जुळवला. विद्यार्थी असताना ते वाचून मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

मग मी ही द्रव्यं मुद्दाम का बनवायचो? मोजण्यासाठी. अन्नात, पाण्यात, गोळीत, तंबाखूत नायट्रोसामाइन किती आहे हे यंत्राला विचारायचं, तर आधी त्याला शुद्ध नमुना दाखवावा लागतो. तराजूला वजनं लागतात ना, तसंच. आम्ही ती वजनं बनवायचो. काही रेणूंत साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घालायचो, म्हणजे वागायला तो मूळ रेणूसारखाच, पण यंत्राला वेगळा ओळखू येणारा. दुहेरी हातमोजे, फ्यूम हूड, उजेडाने बिघडू नये म्हणून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या, आणि शेवटी उरलंसुरलं नष्ट करायची ठरलेली रीत. इतक्या वर्षांत मला कधी भीती वाटली नाही, कारण समोर काय आहे हे पक्कं माहीत होतं.

भीती वाटावी ती न ठरवता झालेल्या नायट्रोसामाइनची. जुलै २०१८मध्ये रक्तदाबावरच्या व्हालसार्टनच्या गोळ्या युरोप-अमेरिकेत बाजारातून परत मागवल्या गेल्या, ते आठवत असेल. त्यात एनडीएमए सापडला होता. झालं होतं असं, की औषधाच्या रेणूतलं एक कडं बांधायला कारखान्यात सोडियम अझाइड वापरायचे, द्रावक डीएमएफ. उरलेला अझाइड धोकादायक, म्हणून सोडियम नायट्राइट आणि आम्ल घालून तो संपवायचा. यातली कुठलीही एक पायरी मला परीक्षेत कुणी विचारली असती, तर मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. पण डीएमएफ थोडा मोडून डायमिथाइलअमाइन देतो, आणि आम्लात नायट्राइट भेटलं की त्याचा एनडीएमए होतो. दोघांना एका भांड्यात आणलं कुणी? सुरक्षिततेसाठी घातलेल्या पायरीनेच! आणि नेहमीच्या शुद्धतेच्या चाचण्या त्याला शोधतच नव्हत्या.

त्यानंतर मर्यादा ठरली, एनडीएमएसाठी दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. मिठाचा बारीक कण ६० मायक्रोग्रॅमचा धरला, तर त्याच्या सहाशे भागांतला साधारण एक भाग. एवढ्याशासाठी जगभरातले कारखाने कामाला लागले, आणि ते योग्यच झालं.

आता जे सांगण्यासाठी एवढं लिहीत बसलोय ते.

आमच्या आजीच्या कमरेला मिश्रीची डबी असायची. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. त्याशिवाय तिला "साफ" वाटायचं नाही. तिच्या गालात आतून गाठ आली तेव्हा मी कॉलेजात होतो. शेवटचे काही महिने तिला पेजसुद्धा गिळवत नव्हती. एका माणसाचा कॅन्सर कशाने झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही, हे मला कळतं. पण तंबाखू सुकताना, मुरताना तिच्यातल्या निकोटिनच्या गोतावळ्याला नायट्राइट भेटतं आणि एनएनएन, एनएनके अशी नायट्रोसामाइन्स तयार होतात, हेही कळतं. १९८०च्या दशकात मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिश्रीसारखे आपल्याकडचे तंबाखूचे प्रकार आणि तंबाखूचं पान खाणाऱ्यांची लाळसुद्धा तपासली होती. ही द्रव्यं तिथे होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७च्या अहवालात एनएनएन आणि एनएनके दोन्हींना माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं.

गोळीत नॅनोग्रॅम मोजतात, इथे मायक्रोग्रॅमचा हिशेब, म्हणजे हजारपट मोठं माप. रेणू वेगळे आहेत, त्यामुळे थेट तुलना शास्त्राला धरून होणार नाही. पण गोळी परत मागवता येते. तव्यावर भाजलेली मिश्री कोण परत मागवणार?

मी आयुष्यभर वजनं बनवली. तराजू काय दाखवतो ते लोकांपर्यंत नेणं हे आपलं काम नाही, असं आम्ही प्रयोगशाळेतले सगळेच धरून चालायचो. तसं काही कुठे लिहिलेलं नाही.

तर गावाकडच्या मंडळींसाठी एवढंच. काकूच्या फडताळात अजून ती डबी आहे. काकू काही हे वाचणार नाही, पण तिची नात वाचते. बाई गं, रसायनशास्त्र सगळं गाळलंस तरी चालेल, शेवटचा भाग तेवढा तिला वाचून दाखव. आणि गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, ते बघ. असं काही दिसलं, तर सणाची वाट न बघता मला फोन कर, मी न्यायला येतो.