दोन जीबीतला ब्राउझर

हडपसरला ससाणेनगरमधल्या आमच्या घरात एक जुना डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, विंडोज ७. टायपिंग, प्रिंटिंग झकास चालतं. अडतं ते इंटरनेटपाशी. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ वरून हात काढून घेतला आणि क्रोमही २०२३ मध्ये १०९ व्या आवृत्तीवर थांबलं. एखादं बातमीचं पान उघडायचं म्हटलं की हार्ड डिस्क नुसती करकरत बसायची. गाडीतळावरच्या दुकानदाराने एका वाक्यात निकाल दिला, "काका, भंगारात द्या आता."

भाच्याने पेल मूनचं नाव सुचवलं. फायरफॉक्सच्याच कोडमधून २००९ मध्ये निघालेला हा ब्राउझर. फायरफॉक्सने २०१७ मध्ये जुन्या धाटणीची अ‍ॅड-ऑन्स बंद केली, पेल मूनने ती टिकवली. तोंडवळाही जुनाच: वर मेन्यू, खाली स्टेटस बार. माझ्या पिढीला गोल कोपऱ्यांचं कौतुक नाही, त्यामुळे बरंच वाटलं.

मग मांडामांड सुरू झाली. पहिल्यांदा जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिन या अ‍ॅड-ऑनची जुनी आवृत्ती टाकली. खरा फरक तिथेच पडला, बाकीचं सगळं त्यापुढे किरकोळ. पानाचं वजन मजकुराचं नसतंच, ते जाहिरातींचं आणि आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टांचं असतं, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. नंतर अबाउट:कॉन्फिग या ब्राउझरच्या आतल्या सेटिंगच्या पानात शिरलो. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद केले, हलणारी चित्रं गोठवली, 'मागे' जाण्यासाठी मेमरीत धरून ठेवलेल्या पानांची संख्या दोनवर आणली.

फाँटवर मात्र मी मनसोक्त वेळ घालवला. सेटिंगमध्ये देवनागरीसाठी वेगळा फाँट निवडता येतो. तिथे मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा फाँट लावला आणि किमान आकार वाढवला. पानांना स्वतःचे फाँट वापरायची परवानगीच काढून घेतली. त्यामुळे फाँट उतरवण्याचा वेळ वाचला आणि सगळं मराठी एकाच वळणात, चष्म्याला सोसेल असं दिसू लागलं. तोटा एवढाच की काही ठिकाणी बटणांवरची चिन्हं जाऊन नुसते चौकोन उरले. शोधाचं भिंग कुठे असतं हे आता सवयीने कळतं.

सगळंच जमतं असं नाही. नव्या जावास्क्रिप्टवर उभी असलेली काही पानं कोरीच राहतात. एक पान अडकलं की अख्खा ब्राउझर अडकतो. आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या विंडोजवर बँकेचा पासवर्ड टाकू नये म्हणजे नाहीच. ब्राउझर कितीही ताजा असला तरी. ते व्यवहार मी फोनवर करतो. वाचायला, विकिपीडिया आणि मराठी विश्वकोश चाळायला हे यंत्र पुरून उरतं.

आमच्या घरापासून मगरपट्टा सिटी फार लांब नाही. तिथल्या आयटी ऑफिसांमधून संकेतस्थळं बनवणाऱ्यांना एवढीच विनंती: पान लोकांसमोर आणण्याआधी एकदा दोन जीबी रॅमच्या मशीनवर उघडून बघा. मशीन मिळालं नाही तर आमच्याकडे या, चहा देतो.