सर्जा कडुनिंबाखाली मेला नाही

आमच्या घरात एक गोष्ट तीन पिढ्या सांगितली गेली. दुष्काळाला कंटाळून आजोबा माणदेशातून ‘जगायला’ निघाले. गाडीत आजी, दोन लेकरे आणि जात्याची तळी. गाडीला सर्जा-राजाची खिलारी जोडी. वाटेत नीरेला पाणी चढले, तेव्हा सर्जाने गाडी ओढून पैलतीराला लावली. कालव्याच्या वरच्या अंगाचा ओसाड माळ आजोबांनी फोडला आणि पुढे म्हातारा सर्जा कडुनिंबाखाली शांतपणे मेला. या शेवटापाशी आम्ही भावंडे दर वेळी रडत असू.

पुढे लॉरा इंगल्स वाइल्डर हिची पुस्तके हाती आली, तेव्हा ती आम्हांला परकी वाटली नाहीत. तीच गाडी, तशीच फुगलेली नदी, आणि सर्जाच्या जागी जॅक नावाचा कुत्रा. लॉराचा जन्म १८६७चा. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ हे पुस्तक १९३५ साली आले; त्यात वर्णिलेल्या कॅन्ससमधील वास्तव्यात ती जेमतेम दोन ते चार वर्षांची होती. म्हणजे तिची ‘आठवण’ही आमच्यासारखीच, बरीचशी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली.

तिचे मूळ आत्मकथन ‘पायोनियर गर्ल’ २०१४ मध्ये सटीप प्रसिद्ध झाले. कादंबरीत जॅक म्हातारपणी झोपेतच मरतो. आत्मकथनात मात्र वडील घोड्यांची अदलाबदल करतात आणि घोड्यांना न सोडणारा जॅकही त्यांच्याबरोबर परक्याला दिला जातो. लॉराचा धाकटा भाऊ वर्षाचाही न होता १८७६ साली दगावला. कादंबऱ्यांत त्याचा उल्लेखच नाही. कुत्र्याच्या मृत्यूसाठी एक प्रकरण आणि भावासाठी एक ओळही नाही, हे वाचून आम्ही प्रथम चिडलो. मग वाटले, जे दुःख सांगवत नव्हते, त्याचे अश्रू कदाचित जॅकच्या वाट्याला आले असतील.

त्याच सुमारास आम्ही थोरल्या आत्याला सर्जाविषयी विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाहत्तरच्या दुष्काळात वैरण नव्हती. दादांनी त्याला बाजार दाखवला. विकला म्हणून पोरांना कसं सांगायचं? म्हणून आईनं त्याला झाडाखाली निजवला.”

आजीचा आम्हांला राग आला नाही. तिने लपविले ते स्वतःचे शल्य होते. परंतु आत्या पुढे सहज बोलून गेली, “आणि माळ ओसाड कुठं होता? दर साली धनगरांची मेंढरं बसायची तिथं. आपण कुंपण घातलं.”

हे ऐकून आम्हांला कॅन्सस आठवले. इंगल्स कुटुंबाने घर बांधले ती भूमी ओसेज लोकांची होती. पुस्तकाच्या आरंभी मात्र त्या प्रदेशात माणसे नव्हती, केवळ इंडियन होते, अशा अर्थाचे वाक्य होते. एका वाचकाच्या आक्षेपानंतर १९५३च्या आवृत्तीत ‘माणसे’ हा शब्द काढून ‘वसाहतकरी’ असा बदल झाला. २०१८ मध्ये अमेरिकेतील बालग्रंथालय संघटनेने लॉराच्या नावाचा पुरस्कारही दुसऱ्या नावाने देण्याचे ठरविले.

म्हणून गाळलेल्या जागा सगळ्या सारख्या नसतात, असे आम्हांस वाटते. काही ठिकाणी सांगणारा आपली जखम झाकतो. काही ठिकाणी दुसऱ्याची. पहिल्या प्रकारच्या मौनाला आपण करुणेने वाचावे. दुसऱ्या प्रकारचे मौन मात्र मोडावेच लागते, मग गोष्ट कितीही लाडकी असो. समीक्षेत हा भेद करणे सोपे असते. स्वतःच्या आजीच्या गोष्टीत तो करताना जीभ अडखळते.

गेल्या दिवाळीत घरातल्या मुलांना आम्ही ती गोष्ट पुन्हा सांगितली. नीरेचे पाणी तसेच ठेवले, सर्जाचा पराक्रमही. शेवटी बाजार सांगितला, कुंपणही सांगितले. सर्जासाठी मुले रडलीच. सर्वांत धाकटीने मात्र डोळे पुसून विचारले, “मग ती मेंढरं कुठं गेली?”

आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहत राहिलो.